मालवाहू वाहनांतील आगीचा धोका आणि वाहन-रिकॉल : कोल्हार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वाहनाच्या रचनेत, सुट्या भागात किंवा जोडणीत राहिलेला दोष उत्पादकाने स्वखर्चाने दूर करावा, यासाठी विकलेले वाहन परत बोलावण्याच्या प्रक्रियेस 'रिकॉल' असे म्हणतात. इंधनगळती आणि विद्युतदोष यांमुळे लागणारी आग हे रिकॉलचे एक गंभीर कारण होय. भारतात ही प्रक्रिया २०१२ पासून स्वेच्छेच्या संहितेने चालत होती. १ एप्रिल २०२१ पासून तिला वैधानिक नियमांचा आधार मिळाला. तथापि ग्रामीण भागात राबणाऱ्या पिकअप, टेम्पो व ट्रक या वाहनांपर्यंत रिकॉलचा निरोप पोहोचण्याच्या मार्गात अनेक अडथळे आहेत. प्रस्तुत लेखात आगीची तांत्रिक कारणे, रिकॉलचा देशविदेशातील अनुभव आणि भारतीय कायद्याची चौकट यांचे विवेचन केले आहे. मालवाहनांच्या योग्यता तपासणीशी, म्हणजे 'पासिंग'शी, रिकॉलची सांगड घालणे हा यावरील सर्वांत व्यवहार्य उपाय ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रिकॉल, मालवाहू वाहने, इंधनगळती, मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९, योग्यता प्रमाणपत्र, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोल्हार हे नगर-मनमाड मार्गावरील प्रवराकाठचे गाव. नदीच्या एका तीरावर राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्द वसले आहे. भगवतीमातेचे स्थान म्हणून गावाची ओळख जुनी असली, तरी आजचे अर्थजीवन मुख्यतः रस्त्यावर अवलंबून आहे. जवळच प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला आणि उसाबरोबर वाहतुकीचा व्यवसायही या परिसरात रुजला. गळीत हंगामात उसाचे ट्रक व ट्रॉल्या, पहाटे दुधाचे टेम्पो, बाजाराच्या दिवशी कांदा, डाळिंब व पेरू घेऊन निघालेल्या पिकअप, असे या रस्त्याचे नित्याचे चित्र आहे.

अशा गावात मालवाहू वाहन हे कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते. बहुधा ते कर्जावर घेतलेले असते. मालक स्वतःच चालक असतो आणि गाडी एक दिवस उभी राहिली तरी त्या दिवसाची मिळकत बुडते, मासिक हप्ता मात्र थांबत नाही. असे वाहन पेटले तर चालकाच्या जिवाबरोबर माल, गाडी आणि पुढील उत्पन्न यांचीही राख होते. विम्याने वाहनाच्या किमतीची काही भरपाई होऊ शकते. बुडालेल्या हंगामाची भरपाई साधारण विम्यातून होत नाही.

एखाद्या वाहनातील आगीचे कारण जर कारखान्यातच राहून गेलेला दोष असेल आणि तो उत्पादकाला ठाऊक झाला असेल, तर ती माहिती चालकापर्यंत वेळेत पोहोचणे हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. रिकॉलच्या यशाचे मोजमाप या एकाच कसोटीवर करावे लागते.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मालवाहू वाहनांना आग लागण्याची तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
२) आगीच्या धोक्यामुळे झालेल्या रिकॉलचा देशविदेशातील अनुभव पाहणे.
३) भारतातील कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
४) ग्रामीण मालवाहतुकीच्या संदर्भात या तरतुदींच्या मर्यादा व उपाय सुचविणे.

३. मालवाहू वाहनास आग लागण्याची कारणे

आगीसाठी जळणारा पदार्थ, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. वाहनाच्या बॉनेटखाली किंवा केबिनखाली या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वीतभर अंतरावर असतात. त्यांना अलग ठेवणे हेच अभिकल्पाचे काम होय. नळी, वॉशर, क्लॅम्प, वायरवरील आवरण आणि उष्णतारोधक पत्रा हे सारे साधे भाग या अलगतेचे रक्षण करतात. त्यांपैकी एकाने जरी दगा दिला तरी आगीला वाट मिळते.

३.१ द्रवांची गळती

डिझेल पेट्रोलसारखे सहज पेटत नाही, यामुळे डिझेल गाडीला आगीचे भय नाही असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. डिझेल तापलेल्या पृष्ठभागावर पडले तर ठिणगीशिवायही पेटू शकते. त्यासाठी साधारणतः २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान पुरते. भरलेली गाडी घाट चढत असताना टर्बोचार्जर व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांचे तापमान याच्या कितीतरी वर जाते. आधुनिक डिझेल इंजिनात इंधन अतिशय उच्च दाबाने इंजेक्टरकडे जाते. त्या नळीला बारीक चीर पडली तर इंधन थेंबाथेंबाने न गळता तुषारांच्या रूपाने बाहेर पडते आणि तुषार लवकर पेट घेतात. इंजिन तेल, पॉवर स्टिअरिंगचे तेल आणि ब्रेक ऑइल हेही ज्वालाग्राही आहेत. चालकाच्या दृष्टीने 'थोडेसे तेल पाझरते' ही किरकोळ बाब असते. ते कोठे पडते, यावर तिचे गांभीर्य ठरते.

३.२ विद्युतदोष

बॅटरीपासून स्टार्टरकडे व अल्टरनेटरकडे जाणाऱ्या जाड केबलमधून मोठा प्रवाह वाहतो. ही केबल चेसिसच्या कडेला घासून तिचे आवरण फाटले की शॉर्टसर्किट होते. सैल जोडणीमुळे उष्णता निर्माण होते आणि आवरण वितळते. काही परिपथांत गाडी बंद असतानाही विद्युतदाब असतो. त्यामुळे रात्री अंगणात उभी केलेली गाडीही पेटू शकते.

३.३ उष्ण भाग व बाहेरचा कचरा

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे बहुतेक नव्या डिझेल वाहनांत काजळी अडविणारे गाळणे बसविलेले असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी या गाळण्याचे तापमान ठराविक अंतराने सुमारे ६०० अंशांपर्यंत नेले जाते. ही प्रक्रिया चालू असताना गाडी वाळलेल्या पाचटावर किंवा गवतावर उभी राहिली, तर खालचा कचरा पेटण्याचा धोका असतो. ऊस भरण्यासाठी थेट शेतात शिरणाऱ्या वाहनांच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही. ब्रेक चिकटून राहिल्याने तापलेला ड्रम आणि कमी हवेच्या जोडटायरीचे घर्षण हीही जड वाहनांतील आगीची परिचित कारणे आहेत.

३.४ दोष कोणाचा?

वरील कारणांची जबाबदारी तीन ठिकाणी वाटली जाते. पहिली जबाबदारी उत्पादकाची. यात चुकीचा अभिकल्प, निकृष्ट सुटा भाग किंवा सदोष जोडणी यांचा समावेश होतो. दुसरी फेरफार करणाऱ्याची. जादा दिवे, मोठा हॉर्न, ध्वनियंत्रणा यांसाठी मूळ वायरिंग तोडून जोड देणे, फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे, हौदा बांधताना वेल्डिंगने नळी दुखावणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे. तिसरी जबाबदारी देखभालीची. रिकॉलचा संबंध फक्त पहिल्या प्रकाराशी येतो. म्हणून प्रत्येक आगीनंतर कारणाचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

'शॉर्टसर्किटने आग' असा तर्क घाईने काढणे किती धोक्याचे असते, हे पुण्याजवळील हिंजवडी येथील घटनेने दाखविले. १९ मार्च २०२५ रोजी कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारे टेम्पो ट्रॅव्हलर वाहन पेटून चार जणांचा मृत्यू झाला. प्रथम विद्युतदोषाची शक्यता वर्तविण्यात आली होती. पुढील तपासात मात्र चालकानेच ज्वालाग्राही रसायनाच्या साहाय्याने आग लावल्याचा निष्कर्ष पोलिसांनी मांडला. तपास झाला नसता तर दोष वाहनाच्या माथी गेला असता. याच्या उलटही घडू शकते. खरा उत्पादन-दोष 'शॉर्टसर्किट' या एका शब्दाखाली कायमचा दडून राहतो आणि त्याच बॅचची इतर वाहने रस्त्यावर धावत राहतात.

एकच आग हा अपघात मानता येतो. त्याच प्रतिरूपाच्या, त्याच काळात तयार झालेल्या वाहनांत त्याच जागी पुनःपुन्हा आग लागू लागली, तर तो रचनेतील दोषाचा पुरावा ठरतो. हा नमुना ओळखण्यासाठी विखुरलेल्या घटना एका ठिकाणी नोंदल्या जाणे आवश्यक असते.

४. विदेशातील अनुभव

अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने रिकॉलची व्यवस्था निर्माण केली. तेथील इतिहासात कामाच्या ट्रकांची प्रकरणे विशेष बोधप्रद आहेत.

जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ या काळातील पिकअप ट्रकांत इंधनाच्या टाक्या चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बसविल्या होत्या. बाजूने धडक बसताच टाकी फुटून आग लागते, असा आक्षेप होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या परिवहन मंत्र्यांनी यात सुरक्षा-दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला. परंतु डिसेंबर १९९४ मध्ये तडजोड झाली. कंपनीने सुरक्षा-कार्यक्रमांसाठी सुमारे ५.१ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि ट्रक परत बोलावले गेले नाहीत. दोषाची चर्चा वर्षानुवर्षे झाली, तरी मूळ वाहन दुरुस्त झाले नाही.

फोर्ड कंपनीचे प्रकरण याहून वेगळे आहे. तिच्या एफ-१५० पिकअपसह अनेक वाहनांत वेगनियंत्रणाचा एक लहानसा स्विच ब्रेकच्या द्रवयंत्रणेवर बसविलेला होता. आतील पातळ पडदा झिजला की ब्रेक ऑइल विद्युतसंपर्कापर्यंत झिरपे. या स्विचला गाडी बंद असतानाही वीजपुरवठा असल्याने उभ्या गाड्यांना आगी लागल्या. १९९९ ते २००९ या दशकात टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक वाहने परत बोलावण्यात आली. उपाय म्हणून फ्यूज असलेली एक छोटी वायर बसविण्यात आली. इतका स्वस्त आणि मोफत उपाय उपलब्ध असूनही लाखो वाहने दीर्घकाळ दुरुस्तीविना राहिली, कारण मालक बदलले होते किंवा पत्राकडे लक्ष गेले नव्हते.

तिसरी घटना ऑक्टोबर २००४ मधील कॅलिफोर्नियाची. भाड्याने घेतलेल्या मोटारीतून प्रवास करणाऱ्या दोन तरुण बहिणींचा गाडीला आग लागून व समोरच्या ट्रकवर आदळून मृत्यू झाला. आगीचे मूळ पॉवर स्टिअरिंगच्या तेलगळतीत होते. या दोषासाठी त्या गाडीचा रिकॉल आधीच जाहीर झाला होता, मात्र गाडी दुरुस्त न करता भाड्याने दिली गेली होती. त्यांच्या कुटुंबीयांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१५ मध्ये कायदा झाला आणि २०१६ पासून मोठ्या भाडे-कंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती न केलेले वाहन भाड्याने देण्यास मनाई करण्यात आली. जर्मनीत याही पुढचे पाऊल टाकले आहे. गंभीर धोक्याच्या रिकॉलला मालकाने प्रतिसाद दिला नाही, तर तेथील प्रशासन ते वाहन रस्त्यावर आणण्यास प्रतिबंध करू शकते.

या तिन्ही प्रकरणांतून एक समान सूत्र हाती लागते. दोष शोधणे हे रिकॉलचे पूर्वार्ध आणि दुरुस्ती पूर्ण होणे हे उत्तरार्ध होय. उत्तरार्ध केवळ पत्र पाठवून साधत नाही. वाहन जेथे कायद्याने थांबावेच लागते, अशा एखाद्या ठिकाणी त्याची पडताळणी करावी लागते.

५. भारतातील वाटचाल

भारतात प्रारंभी 'रिकॉल' हा शब्दच उद्योगाला नकोसा होता. मार्च २०१० मध्ये मुंबईत नुकतीच ताब्यात घेतलेली टाटा नॅनो मोटार पेटली आणि त्यानंतर अशा घटनांची देशभर चर्चा झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट व विद्युतयंत्रणेला अतिरिक्त संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दर्शविली. तोवर विकलेल्या सुमारे ७० हजार मोटारींचा हा प्रश्न होता. तथापि हा रिकॉल नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मारुती सुझुकीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे १ लाख ए-स्टार मोटारी परत बोलावल्या होत्या. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेची रिकॉल संहिता लागू केली. त्यानंतर रिकॉल जाहीर करणे ही लपविण्याची गोष्ट राहिली नाही.

कामाच्या वाहनांची उदाहरणेही या काळात पुढे आली. मारुतीच्या सुपर कॅरी या छोट्या मालवाहनाची ६४० वाहने इंधनपंपातील संभाव्य दोषासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये परत बोलावण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये याच प्रतिरूपाची ५,९०० वाहने इंधनगाळणीच्या तपासणीसाठी बोलावली गेली. दोन्ही वेळा निर्मितीचा विशिष्ट कालावधी जाहीर करण्यात आला होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण जुलै २०२१ मधील आहे. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात तयार झालेल्या २९,८७८ पिकअप वाहनांचा रिकॉल जाहीर केला. इंजिनला बसविलेल्या द्रवनळीची जोडणी सदोष असल्याची शंका हे त्याचे कारण होते. तपासणी व बदली मोफत होती आणि ग्राहकांशी वैयक्तिक संपर्क साधण्यात येईल, असे कंपनीने कळविले होते. हा रिकॉल आगीच्या घटनांमुळे जाहीर झाला नव्हता. तरीही इंजिनाजवळची नळी हा किती नाजूक भाग असतो, हे वरील तांत्रिक विवेचनावरून ध्यानात येईल. 'द्रवनळीची तपासणी' या शब्दांनी चालकाला धोक्याची तीव्रता उमगत नाही. कोणता द्रव, तो गळला तर काय होईल, तोवर गाडी चालवावी की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे सोप्या मराठीत मिळाली तरच निरोप खऱ्या अर्थाने पोहोचला असे म्हणता येते.

विजेवरील वाहनांनी या विषयाला नवे वळण दिले. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यातील लोहगाव भागात एक विद्युत स्कूटर पेटली. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिक येथे कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या २० विद्युत स्कूटर आगीत सापडल्या. त्याच महिन्यात ओकिनावा कंपनीने ३,२१५ आणि ओला कंपनीने १,४४१ स्कूटरचा रिकॉल जाहीर केला. पुढे बॅटरी-सुरक्षेची मानके अधिक कडक करण्यात आली. मालवाहू तीनचाकी व छोटी चारचाकी वाहनेही आता विजेवर धावू लागली असल्याने हा अनुभव मालवाहतुकीलाही लागू पडतो.

६. कायदेशीर चौकट

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९ ने मूळ १९८८ च्या कायद्यात कलम ११०-अ समाविष्ट केले. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस हानी पोहोचण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार उत्पादकास ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोषाची माहिती तीन मार्गांनी येऊ शकते : ठराविक प्रमाणात वाहनमालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून. उत्पादकास स्वतःला दोष आढळला तर त्याने सरकारला कळवून रिकॉल सुरू करावा लागतो आणि अशा वेळी त्याला दंड होत नाही. प्रामाणिकपणाला दिलेले हे उत्तेजन म्हणावे लागेल.

मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार आदेशाने होणाऱ्या रिकॉलमध्ये वाहनप्रकार व संख्येनुसार १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना हे नियम लागू होतात. मालकांना तक्रार नोंदविण्यासाठी 'वाहन' संकेतस्थळावर व्यवस्था करण्यात आली. बस व अवजड मालवाहनांच्या बाबतीत वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी आल्यास चौकशीची प्रक्रिया सुरू होते.

चाचणी संस्थांचा उल्लेख या जिल्ह्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच 'व्हीआरडीई', आणि पुण्याची 'एआरएआय' या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली मान्यता असलेल्या संस्था होत. वाहनाची परीक्षा करणारी राष्ट्रीय दर्जाची यंत्रणा कोल्हारपासून दोन तासांच्या अंतरावर आहे. अडचण ज्ञानाच्या अभावाची नाही. जळालेल्या वाहनाची माहिती या संस्थांपर्यंत नेणारी वाट अद्याप मळलेली नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हाही येथे उपयुक्त ठरतो. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणाऱ्यास कायद्याने ग्राहक मानले आहे. स्वतः पिकअप चालवून पोट भरणारा मालक या संज्ञेत बसू शकतो. उत्पादनातील दोषामुळे किंवा पुरेशी सूचना न दिल्यामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाच्या दायित्वाची तरतूद या कायद्यात आहे. तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते.

७. निरोप कोठे अडतो?

कायद्याची चौकट उभी असली तरी ती मुख्यतः शहरी मोटारमालकाच्या सवयींवर आधारलेली दिसते. तो गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेतो, त्याचा दूरध्वनी क्रमांक कंपनीकडे असतो आणि तो इंग्रजी संदेश वाचतो. ग्रामीण मालवाहनाचे आयुष्य वेगळ्या वाटेने जाते.

पहिला अडथळा मालकी बदलण्याचा. पिकअप चारपाच वर्षांत दुसऱ्या हाती जाते. कधी कर्ज फिटलेले नसते म्हणून, कधी टाळाटाळीमुळे, गाडी नव्या मालकाच्या नावावर होण्यास विलंब लागतो. कंपनीचे पत्र मूळ मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि तेथेच संपते.

दुसरा अडथळा सेवाकेंद्राचा. वॉरंटीची मुदत संपताच गाडी गावातील गॅरेजकडे येते. तेथील फिटर अनुभवी असतो, परंतु कंपनीच्या रिकॉल याद्या त्याच्याकडे येत नाहीत. उलट तो गळणाऱ्या नळीला क्लॅम्प आवळून देतो आणि दोषाची एक नोंद कायमची पुसली जाते.

तिसरा अडथळा मोडणाऱ्या दिवसाचा. दुरुस्ती मोफत असली तरी सेवाकेंद्रापर्यंतचे डिझेल आणि एका खेपेचे भाडे मालकाच्या पदरचे जाते. गळीत हंगामात तर गाडी उभी करणे त्याला परवडतच नाही.

चौथा अडथळा फेरफाराचा. मूळ वायरिंगमध्ये बदल केलेला असल्यास आगीचे कारण उत्पादकाकडे की मालकाकडे, हे ठरविणे अवघड होते. परवानगीविना केलेल्या फेरफाराबद्दल कलम १८२-अ खाली मालकास शिक्षेची तरतूद आहे. या भीतीनेही तक्रार पुढे येत नाही.

पाचवा अडथळा नोंदीचा. गाडी पेटल्यावर नगरपरिषदेचा किंवा कारखान्याचा बंब येतो, पोलीस ठाण्यात अकस्मात जळिताची नोंद होते, विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन जातो. तीन ठिकाणी तीन कागद तयार होतात. त्यांतील एकही कागद रिकॉलची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेकडे आपोआप जात नाही. वार्षिक विक्रीच्या ३ टक्के तक्रारी ही अट खडखडाट किंवा वारंवार बिघाड यांसारख्या दोषांना ठीक आहे. आगीच्या बाबतीत मात्र तितकी वाहने जळेपर्यंत वाट पाहणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून 'अन्य कोणताही स्रोत' या कायद्यातील शब्दांचा पूर्ण उपयोग होणे निकडीचे आहे.

याशिवाय सात वर्षांची मर्यादाही विचारात घ्यावी लागते. अमेरिकेत मोफत दुरुस्तीचा हक्क १५ वर्षांपर्यंत आहे. आपल्याकडे पिकअप गावात येते तीच बहुधा या मर्यादेच्या उत्तरार्धात. नळ्या आणि आवरणे जुनी होऊन दोष उघडा पडण्याचाही तोच काळ असतो.

८. उपाययोजना

अ) पासिंगशी सांगड : खासगी मोटारीला नोंदणीनंतर १५ वर्षे तपासणीसाठी जावे लागत नाही. मालवाहनाची गोष्ट निराळी आहे. त्याला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. या परिसरातील वाहने त्यासाठी श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. मालक कितीही वेळा बदलला, पत्ता कोणताही असला, तरी चेसिस क्रमांक तोच राहतो आणि गाडी पासिंगला येतेच. चेसिस क्रमांक टाकताच प्रलंबित रिकॉल पडद्यावर दिसावा आणि आगीच्या धोक्याचा रिकॉल असल्यास दुरुस्तीचा दाखला मागावा, अशी व्यवस्था झाल्यास पहिले दोन अडथळे बऱ्याच अंशी दूर होतील. ग्रामीण मालवाहनाची जी बाजू आजवर गैरसोयीची वाटली, तीच येथे उपयोगी पडते.

आ) हस्तांतर व विमा : नोंदणी नव्या नावावर करताना आणि विम्याचे नूतनीकरण करताना हीच पडताळणी व्हावी. कर्ज देणाऱ्या संस्थेचे वाहन हेच तारण असल्याने तिनेही कर्जदारास कळविण्यात तिचे हित आहे.

इ) जळिताची एकत्रित नोंद : पोलीस, अग्निशमन दल व विमा सर्वेक्षक यांच्या अहवालांत वाहनाचे प्रतिरूप, निर्मितीचे वर्ष, आग प्रथम दिसलेली जागा आणि केलेले फेरफार या चार बाबी असाव्यात. त्यांची प्रत परिवहन कार्यालयामार्फत चाचणी संस्थेकडे जावी.

ई) दुरुस्ती गावात : साखर कारखान्याचा तळ, बाजार समितीचे आवार आणि दूध संकलन केंद्रे येथे वाहने नियमित एकत्र येतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी तेथेच कंपन्यांनी रिकॉल-तपासणीची शिबिरे घ्यावीत. त्यामुळे बुडणारा दिवस वाचेल.

उ) स्थानिक कारागिरांचा सहभाग : गॅरेजचालक, वायरमन व हौदा बांधणारे यांना रिकॉल याद्या मराठीत मिळाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांना हे काम विस्तार-उपक्रम म्हणून सहज करता येईल.

ऊ) चालकाने घ्यावयाची काळजी : जुनी गाडी घेताना चेसिस क्रमांक कंपनीच्या सेवाकेंद्रात दाखवून प्रलंबित रिकॉलची चौकशी करावी. डिझेलचा किंवा जळकट वास, गाडीखाली ओल, वारंवार उडणारा फ्यूज या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नये. तापलेली गाडी पाचटावर उभी करू नये. कोरड्या भुकटीचे अग्निशामक केबिनमध्ये हाताशी ठेवावे. आग लागल्यास इंजिन बंद करून प्रथम माणसांनी दूर व्हावे. बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत जाणाऱ्या हवेने ज्वाला भडकतात. नंतर जळालेला सांगाडा भंगारात देण्यापूर्वी छायाचित्रे, सर्वेक्षकाचा अहवाल व पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी. दोष सिद्ध करण्याचा तोच आधार असतो.

९. निष्कर्ष

मालवाहू वाहनातील आगीचा मोठा भाग इंधनगळती, विद्युतदोष व उष्ण भागांशी होणारा संपर्क यांतून उद्भवतो. यांपैकी उत्पादनातील दोष रिकॉलने दूर होऊ शकतो, परंतु त्यासाठी दोष नोंदला जाणे आणि निरोप पोहोचणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. विदेशातील प्रकरणे दाखवितात की स्वस्त व मोफत उपायही मालकापर्यंत न पोहोचल्याने निष्फळ ठरतो. भारतीय कायद्याने २०१९ व २०२१ मध्ये योग्य दिशेने पाऊल टाकले आहे. तथापि त्याची रचना मालकाच्या तक्रारीवर व मूळ पत्त्यावर विसंबलेली असल्याने कोल्हारसारख्या गावातील दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली पिकअप या व्यवस्थेच्या बाहेर राहते.

पत्ता बदलतो, चेसिस क्रमांक बदलत नाही. रिकॉलची नोंद मालकाच्या नावाऐवजी वाहनाच्या क्रमांकाशी बांधली आणि पासिंगच्या वेळी तिची पडताळणी केली, तर अस्तित्वात असलेल्या यंत्रणेतूनच हा प्रश्न पुष्कळसा सुटू शकेल. त्यासाठी नवे कार्यालय किंवा नवा कायदा लागणार नाही. परिवहन कार्यालय, उत्पादक, विमा कंपन्या आणि चाचणी संस्था यांच्याकडे आज स्वतंत्रपणे असलेली माहिती एकत्र आणण्याचा निर्णय मात्र घ्यावा लागेल.